काटेबाईंनी मिटवलेली वाट

माझ्या नणंदेला रानातले लोक काटेबाई म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की काटेबाई. वन्संना हे माहीत आहे आणि मनातून ते आवडतंही, पण तसं त्या कबूल करणार नाहीत.

त्या वनरक्षक आहेत. वनरक्षक म्हटलं की लोकांना घनदाट जंगल आठवतं. वन्संचं रान तसं नाही. आमच्या शहराच्या कडेला ज्या शेवटच्या इमारती आहेत, त्यांच्या पार्किंगच्या भिंतीला लागून एक टेकडी सुरू होते. ती टेकडी, तिच्या मागचा उतार आणि उताराच्या पायथ्याचं तळं एवढं सगळं राखीव. इमारतीतली माणसं सकाळी तिथं फिरायला येतात. कुणी कुत्रं आणतं, कुणी सायकल. कुणी घरातली कुंडी नकोशी झाली की भिंतीवरून पलीकडे फेकतं आणि मग ते बागेतलं रोप रानात असं पसरतं, की वन्संना ते उपटता उपटता वर्ष पुरत नाही.

"रानाच्या वाईटावर असलेल्यांना मी भीत नाही," वन्सं म्हणतात. "त्यांना दंड करता येतो. ज्यांचा रानावर जीव आहे त्यांचं काय करू?"

जीव असलेली माणसं वाट सोडतात. फोटोसाठी एक पाऊल आत टाकतात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला ते पाऊल दिसतं. महिना दोन महिने गेले की तिथं नवी पायवाट तयार. पक्षी अंडी घालतात त्या दिवसांत अशा वाटा बंद कराव्या लागतात, कारण टिटवीसारखे पक्षी घरटं असं काही बांधतच नाहीत, उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यातच अंडी घालतात.

वाट बंद करण्यात वन्संचा हात धरणारं कुणी नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा मला वाटलं, तोंडाशी फांद्यांचा ढीग टाकायचा, झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी करपलेल्या भांड्याला नुसतं पाणी मारून ठेवताना कुणाला पाहिलं असतं.

"ढीग दिसला की माणसाला वाटतं, पलीकडे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "तोंडाशी काही करायचंच नाही. नजर जिथवर पोचते तिथं करायचं."

मग त्यांनी काय केलं, तर आधी तुडवून घट्ट झालेली माती कुदळीनं सैल केली. तिच्यावर आसपासचाच पालापाचोळा विखुरला, तोही मुठीनं, सारखा पडू नये म्हणून. वाळलेल्या काटेरी फांद्या आडव्या न टाकता जमिनीत उभ्या खोचल्या, अशा वाकड्या की त्या तिथंच वाढून वाळल्यात असं वाटावं. एक दगड आणून शेवाळाची बाजू वर ठेवली. आम्ही परत येऊन वळून पाहिलं तर मला वाट सापडेना. नुसतं रान होतं. येणाराजाणारा तिथून बिनघोर पुढे गेला, त्याला कुणी अडवलं असं त्याला वाटलंही नाही.

हे सगळं छान चाललं होतं. मग बदली होऊन दुसरी वनरक्षक आली.

वयानं वन्संपेक्षा बरीच लहान. तिचे वडीलही याच खात्यात होते, त्यामुळे रान तिला नवं नव्हतं. शिडशिडीत बांधा, गळ्यात शिट्टी आणि कुणीही समोर आलं की आधी हसायचं. वाट बंद करायची तिची पद्धत वेगळी. ती दोरी बांधायची आणि बोर्ड लावायची. वन्संनी तिचं नाव पहिल्याच आठवड्यात ठेवलं: बोर्डवाली.

बोर्डही कसे, तर 'प्रवेश बंद' असले नव्हेत. तळ्याकडच्या वाटेवर तिनं स्वतःच्या हातानं रंगवून लिहिलं होतं: 'इथं जमिनीवर अंडी आहेत. मातीच्या रंगाची आहेत, तुम्हाला दिसणार नाहीत. त्यांच्या आईला मात्र तुम्ही दिसता. या बाजूनं या.' आणि खाली बाण.

वन्सं सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येतात. एरवी त्यांचं बोलणं पाणी, वणवा, कुत्री असं असायचं. त्या वर्षी ताटावर बसल्या की बोर्डवाली.

"अगं, लोक त्या बोर्डाबरोबर फोटो काढतात."

"काढू द्या की, वन्सं."

"माझ्या काट्यांबरोबर कधी कुणी काढला?"

"तुमचे काटे कुणाला दिसतच नाहीत तर फोटो कसला काढणार?"

"तेच तर म्हणतेय मी," त्या म्हणाल्या आणि हातातला घास तसाच राहिला.

आमचे हे म्हणाले, "ताई, सोड ना. तिचं ती करते, तुझं तू."

"सोडायला मी धरलंय कुठं?" असं म्हणून वन्संनी पुढचा अर्धा तास तिलाच धरलं. तिचे बूट नवे होते. तिचं हसणं जरा जास्तच होतं. ऑफिसातली मांजर इतकी वर्षं वन्संच्या खुर्चीवर झोपायची, ती आता तिच्या खुर्चीवर झोपते. आणि ते निवृत्त संगीतशिक्षक, जे रोज दुर्बीण घेऊन यायचे आणि फाटकाशी थांबून वन्संना "आज काय विशेष?" विचारायचे, ते आता फाटकाशी थांबत नाहीत. सरळ तळ्याकडे जातात. बोर्डाशी उभे राहून लोकांना तो वाचून दाखवतात.

"वाचून दाखवतात?"

"चालीत," वन्सं म्हणाल्या.

एक दिवस त्यांनी स्वतः हसून पाहिलं. फिरायला आलेल्या एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला त्या म्हणाल्या, "या, या." ती मुलगी आईच्या मागे लपली. हे मला वन्संनी नाही सांगितलं, त्यांच्या शिपायानं सांगितलं.

हे सगळं चेष्टेवारीच गेलं असतं. पण त्याच सुमारास घळीची गोष्ट निघाली.

टेकडीच्या मागे, तळ्याच्याही पलीकडे एक घळ आहे. दोन्ही बाजूंना उंच उतार, मधून ओढा. आजवर ती राखीव हद्दीच्या बाहेर होती. शहर त्या बाजूनंही सरकायला लागलं तेव्हा ती हद्दीत घ्यायचं ठरलं. घळ हद्दीत घ्या असं वन्सं किती तरी वर्षं वरच्यांच्या कानीकपाळी ओरडत होत्या. आपल्या सुट्टीत त्या तिथं जायच्या, मुलीसाठी पाहून ठेवलेलं घर बापानं पुन्हा पुन्हा बाहेरून बघून यावं तशा. आता ती हद्दीत आली आणि तिच्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमायचा होता. घळ त्याच्या एकट्याच्या ताब्यात.

वनपालांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांनी दोघींना बोलावलं आणि सरळ सांगितलं, या हंगामात टेकडीवरची वाट काटेबाईंनी बंद ठेवायची, तळ्याकडची नव्या बाईंनी. हंगामाच्या शेवटी मी दोन्ही बघीन. जिची वाट नीट बंद राहील तिला घळ.

"काटेबाई म्हणाले का तोंडावर?" मी विचारलं.

"गडबडीत म्हणाले. मग खोकले."

वन्संची टेकडीवरची वाट आठवडाभरात नाहीशी झाली. नाहीशी झाली म्हणजे कुणाच्या लक्षातच राहिली नाही, आणि लक्षात राहिली नाही म्हणून कुणी कौतुकही केलं नाही. तिकडे तळ्याकडे मात्र रोज जत्रा. लोक बोर्डाशी थांबायचे, दोरीच्या अलीकडून माना उंच करायचे, संगीतशिक्षक कुणाला पलीकडे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. साहेब एकदा सहज आले तर तीच गर्दी त्यांना दिसली. ते म्हणाले, "वा, लोकच राखण करतायत."

त्या दिवशी वन्सं आमच्याकडे आल्या त्या चहालासुद्धा नको म्हणाल्या. नुसत्या खिडकीशी बसून राहिल्या. "घळ गेली," एवढंच म्हणाल्या.

पुढचं जे झालं ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी, माझ्यासोबत भाजी निवडताना, मान वर न करता सांगितलं.

फाटक उघडायच्या आधी, उजाडता उजाडता त्या तळ्याकडच्या वाटेवर गेल्या. दोरी सोडली. बोर्ड हलवून हलवून उपटला. मनात हिशेब साधा होता. बोर्ड वाऱ्यानं गेला असं होईल, लोक आत शिरतील, पायांनी माती तुडवली जाईल आणि साहेबांच्या पाहणीच्या दिवशी वाट जागच्या जागी उघडी दिसेल. पाहणी दोनच दिवसांवर होती.

"मनात पाप होतं माझ्या," त्या म्हणाल्या. "उगाच आडवळणानं सांगत नाही."

बोर्ड काखेत मारून त्या निघाल्या. चार पावलं जाऊन सवयीनं मागे वळून पाहिलं. दोरी नाही, बोर्ड नाही, वाट तशीच्या तशी स्वच्छ, सरळ, तळ्यापर्यंत. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. थोड्या वेळात फाटक उघडणार. पहिला येतो तो काळं कुत्रं घेऊन येणारा माणूस, आणि त्याचं कुत्रं साखळीत नसतं.

"मग?"

"मग काय. कुदळ मागे टेकडीवरच ठेवलेली होती."

बोर्ड झुडपात ठेवून त्या कामाला लागल्या. माती सैल केली, पाला टाकला, काटे खोचले. त्यांचं स्वतःचंच म्हणणं, इतकी चांगली वाट आयुष्यात कधी मिटवली नसेल, कारण मनात राग होता आणि राग असला की त्यांचा हात बारीक चालतो. काळ्या कुत्र्याचा माणूस आला तेव्हा तो थोडा गोंधळला, इकडे तिकडे पाहिलं आणि बाणाच्या बाजूनं, म्हणजे जिथं बाण असायचा त्या बाजूनं, पुढे गेला.

वन्सं घरी आल्या, हातपाय धुतले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

बोर्डवालीचं त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी वरच्या ऑफिसात प्रशिक्षण होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. पाहणीच्या दिवशी साहेब, दोघी आणि शिपाई असे चौघे तळ्याकडे निघाले. बोर्डवाली पुढे, साहेबांना माहिती देत. ती देत देत स्वतःच्याच वाटेच्या तोंडावरून पुढे निघून गेली. बरीच पुढे गेल्यावर थांबली.

"कुठाय तुमची वाट?" साहेबांनी विचारलं.

"इथंच कुठंतरी होती, साहेब."

साहेब मागे आले, परत पुढे गेले. मग एका जागी गुडघ्यावर बसून वाकून पाहिलं तेव्हा त्यांना दगडाचं शेवाळ आणि काट्यांची ठेवण दिसली. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "हे म्हणजे कमाल आहे. बोर्डही काढून टाकलात? बरोबर आहे, एकदा वाटच नाही म्हटल्यावर बोर्ड कशाला."

रागारागानं केलेलं वन्संचं काम, त्यांचं सर्वांत चांगलं काम, बोर्डवालीच्या खात्यात जमा होत होतं. आणि तोंड उघडायची सोय नव्हती. मी केलं म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, बोर्ड काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

एवढ्यात बोर्डवाली म्हणाली, "साहेब, हे मी केलेलं नाही."

"मग?"

"मला येत नाही असं. मी बोर्ड लावला होता. तो कुठं गेला तेही मला माहीत नाही."

साहेबांनी वन्संकडे पाहिलं. असं काम त्या रानात एकच हात करतो, हे कळायला साहेब असायची गरज नव्हती. शिपायानंही पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राहिला.

"ताई?" साहेब म्हणाले.

"मला काय माहीत," वन्सं म्हणाल्या.

घळ बोर्डवालीला मिळाली.

दुसऱ्या दिवशी वन्संनी बोर्ड आणून ऑफिसच्या भिंतीला टेकवून ठेवला. कुणी काही विचारलं नाही. फक्त साहेबांनी त्यांना आत बोलावून दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "काल तिथंच 'मी केलं' म्हणाला असतात, तर आधी तुम्हाला झापलं असतं आणि मग घळ तुम्हालाच दिली असती. टेकडीवरची तुमची वाटही मला सापडली नव्हती."

"तिच्या समोर कसं म्हणू?" हे वन्सं साहेबांना म्हणाल्या नाहीत, मला म्हणाल्या. शेंगांचे दोर काढता काढता त्यांचे हात थांबले होते. "आणि बघ ना, तिला कुणी विचारलं होतं का? गप्प राहिली असती तर घळ अशीही तिचीच होती. खरं बोलण्यातसुद्धा पहिला नंबर तिनंच मारला."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "वन्सं, ती मुलगी वाईट नाही हो."

"वाईट असती तर सोपं झालं असतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या घळीकडे फिरकल्या नाहीत. सुट्टीत आमच्याकडे यायच्या, जेवायच्या, झोपायच्या. बोर्डवालीचं नाव नाही, घळीचंही नाही. ते मला जास्त खुपायला लागलं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मीच म्हटलं, मला घळ बघायची आहे, एवढं तुमच्या तोंडून ऐकलंय. आधी नाक मुरडलं, मग म्हणाल्या, "चल. पण गणवेश घालणार नाही. चार लोक जातात तसं जायचं आणि तसंच यायचं."

घळ खरोखर सुंदर आहे. वन्संनी जितकी सांगितली होती त्याहून थोडी जास्तच, हे मी त्यांना सांगितलं नाही. ओढ्याच्या अलीकडे एक वाट उजवीकडे फुटत होती आणि तिच्या तोंडाशी काटेरी फांद्यांचा हा एवढा ढीग. कमरेइतका. त्याच्या शेजारी बोर्डवाली कपाळाचा घाम पुसत उभी होती.

तिनं वन्संना पाहिलं आणि हसली. "ताई, तुम्ही? बरं झालं आलात. कसं झालंय?"

वन्संनी ढिगाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते समाधान होतं. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं प्रसन्न पाहिलं नव्हतं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "फारच छान."

आणि माझा दंड धरून मला पुढे घेऊन गेल्या. थोडं अंतर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "दुपारपर्यंत अर्धं शहर त्याच्यावरून आत जाईल."

"मग सांगा ना तिला."

"मी का सांगू? घळ तिची आहे."

आम्ही ओढ्याकाठी एका दगडावर बसलो. मागून एक जोडपं आलं, ते ढिगाशी थांबलं. बाई म्हणाली, "हे काय टाकून ठेवलंय?" नवरा म्हणाला, "काटेबाईंची पद्धत आहे म्हणे. त्या गार्डनं मघाशी सांगितलं. इथं काटेबाई म्हणून कुणीतरी आहेत, वाट बंद करण्यात एकदम पटाईत, त्यांचं बघून केलंय." बाई म्हणाली, "हे पटाईत?" आणि दोघं हसत हसत ढिगाला वळसा घालून आत शिरायला लागली.

वन्सं उठल्याचं मला कळलंच नाही. मी पाहिलं तेव्हा त्या ढिगाशी पोचल्या होत्या. त्या दोघांना त्यांनी नुसतं पाहून परत फिरवलं आणि पलीकडे फांद्या गोळा करणाऱ्या बोर्डवालीकडे वळल्या.

"माझं नाव घेऊन असलं काम लोकांना दाखवतेस?"

आजवर त्या तिला कडक अहोजाहो करायच्या. 'तू'वर कधी घसरल्या ते त्यांना कळलं नाही, तिला कळलं.

"मला वाटलं, तुमचं श्रेय तुम्हाला मिळावं," ती म्हणाली.

"हे श्रेय? उचल ते सगळं. कुदळ आण."

मी दगडावर बसून राहिले. पाणी अंगावर येईल इतक्या जवळ ओढा होता आणि मागून सतत वन्संचा आवाज. "तोंडाशी नाही. आत. अजून आत. तू इथं उभी राहा आणि सांग, नजर कुठं संपते. तिथं. आडवी कशाला ठेवतेस, झाड कधी आडवं उगवतं का? पाला असा नको वाढूस ताटात वाढल्यासारखा. उधळ." बोर्डवाली नुसतं "हं ताई, हं ताई" करत होती. एकदा तिनं काहीतरी विचारलं, त्यावर वन्सं हातातली फांदी खोचून झाल्यावर म्हणाल्या, "लाव बोर्ड. पण बंद वाटेवर नको, चालू वाटेवर लाव. या म्हणायला बोर्ड बरा असतो."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या हात झटकत माझ्याकडे आल्या. मी वळून पाहिलं. शेवटचा भाग तिनं एकटीनं केला होता, वन्सं नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला कुठून कुठवर कुणाचं काम ते ओळखता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी वन्संनी बाहेर बघितलं नाही. घर जवळ आलं तसं मी विचारलं, "काय झालं? जमलं ना तिला?"

"जमलं," त्या म्हणाल्या. "हात आहे तिला."

मग थोड्या वेळानं, पदराखाली ओरखडलेली बोटं चोळत:

"पहिल्याच दिवशी इतकं जमायला नको होतं."